माप न घेतलेला पाय

मावशीचा एक नियम होता आणि तो मोडायची भल्याभल्यांची बिशाद नव्हती. माणूस समोर बसल्याशिवाय त्याच्या पायाच्या कामाला हात लावायचा नाही.

पाय म्हणजे कृत्रिम पाय. सरकारी दवाखान्याच्या मागे, धुलाईच्या खोलीला लागून एक लांबट शेड होती. तिथे मावशी आणि पट्टे शिवणारे एक म्हातारे काका मिळून पाय तयार करत. ट्रकखाली सापडलेले, यंत्रात अडकलेले, साखरेच्या आजाराने पाय काढावे लागलेले, सगळे तिथे येत. आल्या आल्या मावशी त्यांना स्टुलावर बसवायची, खाली खाकी कागद पसरायची आणि म्हणायची, "चांगला पाय ठेव यावर." मग त्या पावलाभोवती सावकाश पेन्सिल फिरवायची. कुणी घाई केली, की त्याला असं काही झापायची, की पुढच्या खेपेला तो हाताची घडी घालून बसायचा. "गेलेला पाय उरलेल्याला विचारून करायचा असतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. पेशंट तिला मावशी म्हणत, डॉक्टरही मावशीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

हा नियम तिला कुठल्या शाळेत शिकवला नव्हता. तो घरातून आला होता. तिचा थोरला भाऊ, दादा, तरुणपणी मागच्या लढाईवर गेला होता. गेला दोन पायांवर, आला एका पायावर. सरकारने मोठ्या मनाने त्याला एक पाय दिला. तयार, पेटीतून काढलेला. दादा मुळात बुटका, आणि तो पाय कुणा उंच माणसासाठी घडवल्यासारखा. दादा चालायला लागला की एका बाजूने उचलला जायचा, आणि कापलेल्या पायाच्या खुंटाची साल निघायची. रात्रभर विव्हळायचा बिचारा. तेव्हा मावशी परकरातली पोर होती. तिने शेजारच्या सुताराकडून कानस मागून आणली आणि अंगणात बसून तो पाय घासायला लागली. घास, घाल, चाल, काढ, पुन्हा घास. अख्खा उन्हाळा तिने त्यात घालवला. दादा चालायला लागला आणि हिच्या हाताला धंदा लागला.

दादाने त्या पायाचं नाव ठेवलं 'सरकार'. पुढे मावशीने स्वतःच्या हाताने त्याला मापाचा नवा पाय करून दिला, तरी नाव तेच राहिलं. "आज सरकार कुरकुरतंय," असं तो सकाळी जाहीर करायचा, नाहीतर, "सरकारला तेल पाजा, त्याशिवाय हलणार नाही." म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं.

तर अशा त्या घरात, त्या वर्षी, दारावरून भोंग्याच्या गाड्या जायला लागल्या.

"ताकद असेल तर युद्ध होत नाही! तरुणांनो, नाव द्या!" सकाळी एक गाडी, संध्याकाळी दुसरी. दादा खिडकीत बसून ऐकायचा. "आमच्या वेळी हेच होतं," तो म्हणायचा. "शब्दसुद्धा बदलले नाहीत मेल्यांनी. फक्त तेव्हा गाणं बरं होतं."

आणि लोकांचं म्हणाल, तर लोक काय दुधखुळे होते? शाळेची दुरुस्ती थांबली, दवाखान्यातला बाळंतिणींचा कक्ष रिकामा करून तिथे ओळीने लोखंडी खाटा मांडल्या, दोन दिवसांआड बसगाड्या कमी व्हायला लागल्या. सगळ्यांना सगळं दिसत होतं. केस कापणारा कात्री चालवता चालवता म्हणायचा, "युद्ध होणारच नाही तर एवढ्या खाटा कुणाच्या झोपेसाठी?" आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. नळावर, बसच्या रांगेत, जिन्यात, सगळीकडे टिंगल. पण तीच माणसं मैदानावरच्या सभेला गेली की पहिल्या ओळीत बसून टाळ्या पिटायची. घरात शहाणी आणि मैदानात मूग गिळून गप्प. कुणाला दोष द्यायचा? ज्याला त्याला वाटायचं, आपण एकटेच तर नाही ना असं म्हणणारे?

मावशीही त्यातलीच. ती हसायची, खांदे उडवायची आणि कामाला जायची. तोवर ती खोकी आली नव्हती.

एके दिवशी सकाळी ती शेडवर पोचली तर दारात नवा पहारेकरी. आत भिंतीला लागून छतापर्यंत लाकडी खोकी, आणि त्यांच्यापुढे चष्मेवाले एक साहेब. साहेबांनी एक खोकं उघडून दाखवलं. आत पावलं होती. लाकडाची, गुळगुळीत घासलेली, वर पॉलिश. अर्धी उजवी, अर्धी डावी. सगळी एका मापाची.

"ही खाली लावायची आणि वरचे पाय तुम्ही करायचे," साहेब म्हणाले. "लगेच सुरुवात करा."

मावशीने एक पाऊल उचलून पाहिलं. "माणसं कुठायत?"

"माणसं येतील."

"कुठून येतील?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. "बाई, ही नुसती तयारी आहे. पावसाच्या आधी आपण छत्री घेतोच ना?"

"घेतो ना. पण छत्री घेतली म्हणून आभाळाला काठीने ढोसत नाही कुणी."

पट्टे शिवणाऱ्या काकांनी घाबरून खोकल्याचा आव आणला. साहेब मात्र चिडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तरुण माणसाचं पाऊल साधारण एवढंच असतं. थोडं कमीजास्त पट्ट्यांवर निभावून न्या. आणि हे बाहेर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. बोललात तर नोकरीवर भागणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

साधारण! मावशीच्या डोक्यात तो शब्द दिवसभर घणासारखा वाजत राहिला. ज्यांच्यासाठी ही पावलं आली होती ते आज दोन्ही पायांनी धावत बस पकडत होते, चेंडू मारत होते, जिने चढत होते. आणि त्यांच्यातलाच एक तिच्या पोटचा होता.

मुलगा बसच्या आगारात मेकॅनिक होता. एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला, म्हणून मावशीने त्याला जरा जास्तच पदराखाली ठेवला होता, हे खरं. त्याचा एक जिवलग मित्र होता. एवढा उंच, की दारातून येताना वाकायचा आणि तरी टाळकं आपटायचाच. सगळे त्याला लंबू म्हणत. लंबूला आई नव्हती, त्यामुळे तो अर्धा वेळ मावशीकडेच जेवायला. लंबूने नाव दिलं होतं. आणि लंबू जाणार म्हटल्यावर मुलगाही हट्टाला पेटला होता. येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर मोठी सभा होती. नाव दिलेली मुलं स्टेजवर उभी राहणार आणि तिथूनच ट्रकमध्ये बसणार.

त्या संध्याकाळी मावशीने साहेबांची ताकीद गुंडाळून ठेवली आणि मुलाला जेवता जेवता सगळं सांगितलं. खोकी, पावलं, साधारण, सगळं.

मुलाने घास खाली ठेवला. "आई, पुन्हा?"

"पुन्हा काय?"

"मला लांबच्या शहरात नोकरी लागली होती तेव्हा तुझ्या छातीत दुखलं होतं. मी नाही म्हणून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी तू जिने चढून गच्चीवर गाद्या उन्हात घातल्यास. आठवतंय?"

खरं होतं ते. तेव्हा तिने नाटक केलं होतं, आणि आता त्याची किंमत ती अशी मोजत होती. तिने शपथा घातल्या, दादाने मुलाला चार शिव्या हासडल्या, पण पोरगा ऐकेना. "मामा, तू गेलास ना? मग मी का नाही?" म्हणाला आणि उठून गेला.

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऐकणार नाही तो," दादा म्हणाला. "एक उचलून आण."

"पहारेकरी पिशवी तपासतो दादा. जाताना, येताना. काकांचा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतो."

दादाने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं वात्रट हसू आलं. "माझी पिशवी तपासेल," तो म्हणाला. "सरकार कोण तपासतंय?"

शनिवारी दादा शेडवर आला, पाय दुरुस्तीला. पहारेकऱ्याने त्याला आत सोडलं. मावशीने दार लोटलं, दादाच्या पायाचं घोट्याकडचा बोल्ट सोडवला, त्याचं जुनं पाऊल फडताळात टाकलं आणि खोक्यातलं एक उजवं पाऊल तिथे आवळलं. घाईत पाना दोनदा निसटला. काका पाठ करून पट्टे शिवत बसले. त्यांनी काही पाहिलं नाही, म्हणजे सगळं पाहिलं.

ते पाऊल दादाच्या बुटात जाणार नाही हे मावशीला ठाऊक होतं, म्हणून तिने घरात मिळाला तो दुसरा बूट आणला होता, मुलाचा जुना. तिने तो चढवला. बूट असा बसला, जसा त्याच पावलासाठी शिवलाय. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली.

"ऊठ," दादा कुजबुजला. "नंतर रड. आधी बाहेर पडू."

फाटकापाशी पहारेकऱ्याने मावशीची पिशवी पालथी करून पाहिली. मग त्याने दादाकडे पाहिलं. एका पायात लहान बूट, दुसऱ्यात मोठा. दादा भलताच लंगडत होता.

"काय हो आजोबा, दुरुस्तीला आलात आणि जास्तच लंगडायला लागलात?"

मावशीला वाटलं, आता संपलं.

"नवीन सरकार आहे बाबा," दादा म्हणाला. "रुळायला वेळ लागणारच."

पहारेकरी फिस्सकन हसला, मग इकडेतिकडे पाहून गप्प झाला आणि त्याने फाटक उघडलं.

दोघं धापा टाकत घरी पोचले तर मुलाची खाट रिकामी. शेजारीण म्हणाली, "गेले की दोघंही. तपासणीसाठी आजच शाळेत ठेवून घेतलंय सगळ्यांना. फाटक बंद आहे, आईबापांनाही आत सोडत नाहीत." मावशी शाळेच्या फाटकापर्यंत धावली, गजांना धरून हाका मारल्या, शिपायाच्या पाया पडली. शिपाई म्हणाला, "उद्या सभेत बघा पोटभर."

उद्या सभेत! सभेनंतर लगेच ट्रक होते.

त्या सभेसाठी जुन्या सैनिकांना स्टेजवर बोलावलं होतं. दादाकडेही माणूस येऊन गेला होता आणि दादाने त्याला छापण्याजोगं नाही असं उत्तर दिलं होतं. रविवारी दुपारी तोच दादा दाढी करून, भांग पाडून तयार होऊन बसला. "आमंत्रणाचा मान ठेवावा माणसाने," म्हणाला.

मैदान खच्चून भरलं होतं. स्टेजवर मोठे साहेब, त्यांच्या मागे चष्मेवाले साहेब, आणि कडेने ओळीत उभी पोरं. नवे कपडे, ताठ माना. मुलगा टोकाला होता, त्याच्या शेजारी लंबू. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मग दादाला वर नेलं. मोठ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "आजोबा, पोरांना दोन शब्द सांगा."

दादा खुर्चीत बसला. त्याने पँट वर गुंडाळली, पट्टे सोडले आणि पाय काढून टेबलावर, पाण्याच्या ग्लासांमध्ये ठेवला.

"पाय माझा आहे," तो माइकमध्ये म्हणाला. "पण याचं पाऊल माझं नाही. कुणाचं ते माझी बहीण सांगेल."

कुणीतरी माइकची वायर ओढली. तोवर मावशी पायऱ्या चढून वर गेली होती. चष्मेवाले साहेब पांढरेफटक पडले. मावशीच्या आवाजाला माइकची गरज लागली नाही.

"माझ्या शेडमध्ये अशा पावलांची खोकीच्या खोकी आलीत! नवीकोरी! ज्यांच्यासाठी आलीत त्यांना अजून खरचटलंसुद्धा नाही. ते इथे उभे आहेत!"

"ह्या बाईला खाली उतरवा," मोठे साहेब म्हणाले. पण स्टेजवर टेबलाआड एक पाय नसलेला म्हातारा सैनिक बसला होता आणि समोर हजारो डोळे होते. शिपाई जागच्या जागी घुटमळले.

"मी मापाशिवाय काम करत नाही," मावशी म्हणाली. "आता घेते." तिने तो पाय उचलला, पहिल्या पोरासमोर गुडघ्यावर बसली आणि ते पाऊल त्याच्या बुटाला लावलं. पोराने चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. ती सरकत दुसऱ्याकडे गेली. मग तिसऱ्याकडे. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, काही नाही. गर्दीतून एका बाईचा आवाज आला, "ए, खाली उतर! घरी चल!" आणि मग एका बापाचा. इतके दिवस नळावर आणि रांगेत जे बोललं जात होतं ते पहिल्यांदा मैदानात ऐकू आलं.

ती टोकाला पोचली. मुलगा समोर बघत होता. कान लाल झालेले. "आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. तू पण बघ."

त्याने खाली पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "हा माझा बूट आहे."

"तुझाच. पाऊल खोक्यातलं." मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती. "मी नाही रे बसवला, तो आपोआप बसला. या खेपेला मी नाटक करत नाहीये."

मुलाचा चेहरा उतरला. त्याने आईच्या हातातल्या बुटाकडे पाहिलं, मग पायातल्या बुटाकडे. तो खाली वाकला आणि त्याने तिला उठवलं. मावशीने त्याचा हात असा घट्ट पकडला की नखं रुतली.

तेवढ्यात लंबूने आपला भलाथोरला बूट पुढे करून त्या पावलाशेजारी ठेवला. त्यापुढे ते पाऊल अगदीच लहान दिसत होतं. "मावशी," तो मोठ्याने म्हणाला, "हे काही माझ्या मापाचं नाही. म्हणजे मी सुटलो!"

लोक हसले. इतका वेळ श्वास रोखून बसलेले, त्यांना हसू हवंच होतं. आणि त्या हसण्यात सगळं विस्कटलं. बँड सुरू झाला, शिपाई धावले, काही पोरं पुढच्या पायऱ्यांवरून खाली उतरून गर्दीत मिसळली, बाकीच्यांना मागच्या पायऱ्यांवरून ट्रककडे नेलं. लंबू सगळ्यांच्या वर दिसत होता. तो हात हलवत होता. मावशीने हाक मारली, "अरे, तू पण ये!" पण तिने एकच हात धरला होता, आणि तो सोडायची तिची छाती झाली नाही.

पुढचं सांगायला फार नाही. सरकारी मालमत्ता म्हणून ते पाऊल जप्त झालं, आणि दादाचं जुनं पाऊल शेडमध्येच कुलूपबंद राहिलं, त्यामुळे दादा कुबडीवर आला. मावशीला चौकशीला नेलं, दमात घेतलं, सोडलं. नोकरी गेली. खोकी दुसऱ्या कुठल्याशा शेडमध्ये हलवली. भोंग्याच्या गाड्या आणखी काही दिवस म्हणत राहिल्या की युद्ध होणार नाही, आणि मग एका सकाळी म्हणायला लागल्या की सुरू झालं. केस कापणारा आता गप्प राहून केस कापायचा.

त्यानंतरच्या थंडीत, एका दुपारी, जिन्यात पावलं वाजली. एक नीट, एक घसटत. मुलाने दार उघडलं. चौकटीत लंबू उभा होता आणि त्याला वाकावं लागलं नाही. तो एका बाजूला इतका कलला होता की डोकं आपोआपच खाली आलं होतं.

लंबूने पँट वर ओढली. वरचा पाय आखूड, आणि खाली ते पाऊल होतं. तेच पॉलिश, तेच माप.

"मावशी, मी म्हटलं त्यांना," लंबू हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "हे माझं नाही म्हणून. त्यांनी तरी तेच दिलं."

दादाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मावशीला ऊर बडवून रडावंसं वाटत होतं, त्या रविवारच्या मैदानात परत जाऊन या पोराला कॉलर धरून ओढून आणावंसं वाटत होतं. पण आता समोर माणूस बसायचा होता. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, ते पदराने पुसलं आणि जमिनीवर खाकी कागद पसरला.

"चांगला पाय ठेव यावर," ती म्हणाली.

त्याचं पाऊल कागदात मावेना. मुलाने दुसरा कागद आणला आणि पहिल्याला जोडून धरला. मावशीने पेन्सिल टेकवली. टाचेपाशीच रेघ वाकडी गेली, इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती. तिने ती खोडली आणि पुन्हा काढायला घेतली.